गेलंय म्हणजे कुठे गेलंय?

मराठी भाषेतलं सर्वांत महागडं क्रियापद कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : ‘जाणे’. ‘खाणे’ नव्हे, ‘पिणे’ नव्हे, ‘बारसे करणे’सुद्धा नव्हे. त्यांचा खर्च किती येणार हे निदान आधी ठाऊक असतं. ‘जाणे’चं तसं नाही. टीव्हीवाला मागचं झाकण न उघडता म्हणतो, ‘‘पॅनेल गेलंय.’’ फ्रिजवाला दाराला कान लावून म्हणतो, ‘‘कॉम्प्रेसर गेलाय.’’ गीझरवाला, मिक्सरवाला, वॉशिंग मशीनवाला, सगळ्यांचं व्याकरण या एका क्रियापदात संपतं. घरातलं माणूस गेलं तर डॉक्टर येतो, नाडी बघतो, डोळ्यांत बॅटरी मारतो आणि मगच दाखला लिहितो. यंत्राच्या बाबतीत नाडी बघायची चाल नाही. थेट दाखला! आणि दाखल्याला टाचणीने जोडलेलं नव्या यंत्राचं दरपत्रक.

या क्रियापदाविरुद्ध माझी फिर्याद आहे आणि ती मी मोटारीतल्या स्टीरिओच्या साक्षीने मांडणार आहे. स्टीरिओच का, म्हणाल तर दोन कारणं आहेत. एक म्हणजे तो माझ्याकडे आहे. दुसरं म्हणजे इतका बोलका रोगी दुसरा नाही. तो कधी खोकतो, कधी शिंकतो आणि नेमका कुठल्या वेळी मूर्च्छित पडतो, हे तो स्वतःच ओरडून सांगत असतो. एवढं करूनही त्याची हकीगत कोणी ऐकून घेत नाही.

माझ्या साक्षीदाराची ओळख करून देतो. मी बँकेत कारकून. (हल्ली या हुद्द्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, खुर्ची तीच आहे.) गाडी सेकंडहँड. आधीचा मालक संगीतप्रेमी होता. म्हणजे त्याने डिकीत एक अ‍ॅम्प्लिफायर आणि घागरीएवढा वूफर बसवून घेतला होता. गाडीबरोबर हा संसार आमच्याकडे आला. त्याची लक्षणं तीन. किल्ली फिरवली की स्पीकरमधून ‘फट्ट’ असा आवाज येई आणि गाडी बंद करताना ‘भप्प’. रस्त्यात खड्डा किंवा गतिरोधक आला की ‘फुट् फुट्’. आता आपल्याकडे दोन गतिरोधकांच्या मधे जे असतं त्याला खड्डा म्हणतात, तेव्हा हे फुटाणे अखंड फुटत. आणि तिसरं लक्षण सर्वांत गंभीर. सकाळी अभंग लावावा, आवाज जरासा वाढवावा, पखवाजावर भरदार थाप पडावी, की सगळं गप्प! अ‍ॅम्प्लिफायरवर लाल दिवा. दोन-तीन सेकंदांनी पुन्हा जाग, पुन्हा थाप, पुन्हा गप्प. पखवाजवाला समेवर आला की आमचं यंत्र समाधीवर जाई.

‘‘अहो,’’ आमची ही म्हणाली, ‘‘आपल्यापेक्षा त्यालाच अध्यात्म जास्त कळतंय.’’

मी चार तज्ज्ञांना गाडी दाखवली.

पहिला गाडीत बसलासुद्धा नाही. खिडकीतून डॅशबोर्डकडे बघत म्हणाला, ‘‘साहेब, युनिट गेलंय. अँड्रॉइड टाकून घ्या, नऊ इंच.’’

‘‘आवाजाचा आणि इंचांचा काय संबंध?’’

‘‘रिव्हर्स घेताना मागचं पण दिसतं ना!’’

दुसऱ्याने डिकी उघडली, लाल दिवा पाहिला आणि टोपी काढावी तसा चेहरा करून म्हणाला, ‘‘अ‍ॅम्प गेलाय.’’ तिसऱ्याने स्पीकरच्या जाळीवर टिचकी मारली. ‘‘गेलेत. चारही.’’ चारही एकदमच कसे गेले, कुठे अपघात झाला होता का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. चौथा वयाने लहान, त्यामुळे अधिक उदार. ‘‘काका, एक-एक कशाला? वायरिंगच गेलंय. पूर्ण नवीन टाकू.’’

चौघांचे अंदाज मी सवयीप्रमाणे एकाखाली एक मांडले. ९,५००, ६,५००, ५,२०० आणि ३,८००. बेरीज बरोब्बर २५,०००. चौघांचं म्हणणं खरं धरलं तर माझ्या गाडीत शाबूत उरला होता तो फक्त अभंग.

आता यांतल्या एकाने तरी विचारलं का, की साहेब, आवाज नेमका कधी येतो? इंजिन चालू असताना की बंद असतानाही? डाव्या बाजूने की उजव्या? गाणं बंद केलं तरी येतो का? नाही. चौघांकडे मिळून एकही प्रश्न नव्हता. चौघांकडे मिळून एक मीटरही नव्हता. होती ती फक्त उत्तरं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. पण चूक शोधणे हा विज्ञानाचा प्रांत आहे, असं कोणी सांगितलं? तो आमचा प्रांत आहे! संध्याकाळी कॅश जुळत नाही, ५०० रुपये कमी पडतात, तेव्हा आमचे मॅनेजरसाहेब ‘‘कॅशिअर गेलाय, नवीन मागवा’’ असं म्हणतात का? किंवा तिजोरीवर टिचकी मारून ‘‘हीच गेलीय’’ म्हणतात? आम्ही काय करतो, तर पुन्हा मोजतो. मग व्हाउचरांची चळत मधोमध तोडतो. दुपारपर्यंतचं जुळतं का? जुळतं. म्हणजे सकाळ निर्दोष. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. असं करत करत शेवटी एका चिठोऱ्यावर बोट येतं आणि तिथे १,२०० चे १,७०० दिलेले सापडतात. जिथपर्यंत जुळतं तिथपर्यंत कोणाला दोष द्यायचा नाही, आणि फरक सापडल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. चूक शोधण्याचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आलं.

हेच शास्त्र मी एका रविवारी, साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन, सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावलं. प्रेक्षक भरपूर होते. कारण आपल्याकडे गाडीचं बॉनेट उघडलेलं दिसलं की सल्ला देण्यासाठी लोक दुसऱ्या मजल्यावरून खाली येतात. अ‍ॅम्प्लिफायरला येणाऱ्या आरसीए वायरींची डावी-उजवी अदलाबदल केली. या एका कृतीत चळत मधोमध तुटते. आवाजाने बाजू बदलली तर दोष वायरीच्या किंवा डेकच्या बाजूला, नाही बदलली तर अ‍ॅम्प्लिफायरच्या किंवा स्पीकरच्या. इथे खड्ड्यांतले फुटाणे उजवीकडून डावीकडे गेले, आणि वायर हलवून पाहताच डेकमागे एक सैल पिन सापडली. मग स्पीकरच्या वायरी सोडवून त्यांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. जिवंत स्पीकर अशा वेळी ‘टप’ म्हणतो. चारही मृतांनी हजेरी दिली. एकाने तर दोनदा.

राहिली समाधी. बॅटरीवर मीटर लावला. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४ च्या आसपास; म्हणजे तब्येत ठणठणीत. मग मीटर अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन टोकांवर लावला आणि मुलीला अभंग लावायला सांगितला. पखवाजावर थाप पडली आणि १४ चे थेट १० झाले! अशा यंत्राला दहाच्या खालीवर दाब उतरला की ते स्वतःच्या जिवाच्या भीतीने बंद पडतं. ते गेलेलं नव्हतं. ते उपाशी होतं.

मधले चार व्होल्ट कोणी खाल्ले? इथे वाणिज्य शाखा कामाला आली. जमा तिथे नावे, हा दुनोंदी पद्धतीचा नियम लुका पाचिओलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून ठेवला आहे. वीजही तोच नियम पाळते. बॅटरीच्या धन टोकातून जेवढी निघते तेवढी तिला ऋण टोकाशी परत जमा व्हावी लागते. हल्लीच्या मोटारींत हा परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर पत्र्याला जोडायची, की झालं अर्थिंग. पण आपल्या फिटर लोकांचा सगळा जीव लाल वायरीवर. लाल वायर बोटाएवढी जाड, तिच्यावर चकचकीत कव्हर, तिचं बिल वेगळं. काळी मात्र सुतळीसारखी, कारपेटखाली दिसेल त्या बोल्टला अडकवलेली. वास्तविक दोघी सारख्याच जाड हव्यात. कारण पगार जितका घरी येतो तितकाच खर्च होतो, हे कुठल्याही गृहिणीला विचारा.

मीटरचं एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या काळ्या वायरीपाशी आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर. खरं तर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. थाप पडताच तीनहून अधिक व्होल्ट दिसले. चोर सापडला! कारपेट उचललं. बोल्ट पत्र्याला नव्हे, पत्र्यावरच्या रंगाला कसलेला. रंगातून वीज जात नाही, एवढं तर दहावीपर्यंतचं विज्ञानही सांगतं. बॅटरीचं ऋण टोक सोडवलं, पॉलिश पेपरने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, खाली दात्यांचा वॉशर टाकला, काळी वायर लालएवढी जाड घातली आणि बोल्ट आवळला. किल्ली फिरवताना होणाऱ्या ‘फट्ट’चंही मूळ मिळालं. अ‍ॅम्प्लिफायरला ‘जागा हो’ म्हणणारी बारीक वायर डेककडून यायला हवी. इथे ती थेट इग्निशनला जोडलेली होती. त्यामुळे डेक अजून डोळे चोळत असे, तोच अ‍ॅम्प्लिफायर कान टवकारून बसे, आणि डेकची पहिली जांभई तो ‘फट्ट’ करून गावभर करी. वायर जागच्या जागी गेली, ‘फट्ट’ गेलं, ‘भप्प’ गेलं. इथे मात्र ‘गेलं’ हे क्रियापद मी स्वखुशीने वापरतो.

एकूण खर्च : पॉलिश पेपर, वॉशर आणि काळी वायर मिळून २२० रुपये. २५,००० मधून २२० वजा केले तर जे उरतं त्याला आमच्या भाषेत काय म्हणतात ते सांगत नाही. संग्रह घरातली लहान मुलंही वाचतात.

हा स्टीरिओ बंद पडायचं दर वेळी हेच कारण असतं, अशातला भाग नाही. सोललेली स्पीकरची वायर कुठे पत्र्याला टेकली तरी अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो. गालिचाखाली गुंडाळून ठेवला तर उष्णतेने पडतो. त्यालाही वारा लागतो. चार ओहमचे दोन स्पीकर एकाच तोंडाला समांतर जोडले तर भार दोन ओहम होतो आणि तीन जोडले तर १.३३, एका खिडकीवर तीन रांगा लावल्या तर आमचाही लाल दिवा लागतो. ‘गेन’ नावाचं बटण आवाजाचं समजून शेवटपर्यंत पिळलं तर गोलाईदार थापेचं डोकं छाटलं जातं आणि स्पीकरमधून फटाके ऐकू येतात. कारणं पाच-सहाच आहेत. प्रत्येकाची ओळख वेगळी आहे, प्रत्येकाची चाचणी दोन मिनिटांची आहे. म्हणूनच ‘गेलंय’ हे उत्तर मला अज्ञानाचं वाटत नाही, आळसाचं वाटतं.

या आळसाला व्यापारात एक जुळा भाऊ आहे. त्याचं नाव वॉट. दुकानात अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘१,२०० वॉट’ लिहिलेलं असतं. तिथेच बाजूला फ्यूज असतो, त्यावर बारीक अक्षरांत २५ अँपिअर. आता २५ ला १४ व्होल्टने गुणा. ३५० वॉट. म्हणजे ज्या खात्यात ३५० जमा होतात, त्यावर हा गृहस्थ १,२०० चा चेक फाडतोय. त्यात काही भाग उष्णतेपायी जातो तो वेगळाच. क्षणभराची उसळी म्हणून मोठा आकडा दाखवता येईलही. पण क्षणभराच्या शिलकेवर आम्ही कोणाला कर्ज देत नाही. मी हा हिशेब एका दुकानदाराला करून दाखवला. तो म्हणाला, ‘‘साहेब, तो फॉरेनचा वॉट आहे.’’

इथवरची गोष्ट पैशाची. पुढची जिवाची आहे. त्या रविवारी बॅटरीजवळची फ्यूजची डबी उघडली, तेव्हा आत फ्यूज नव्हता. तांब्याच्या चार तारा पिळून बसवल्या होत्या. गाडीतल्या फ्यूजांना रंग असतात. १० चा लाल, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. हा तांबूस रंग कुठल्याही कोष्टकात नाही. कधीतरी फ्यूज उडत असणार, कोणी तरी ‘का उडतो’ हे न बघता म्हणाला असणार, ‘‘तार टाकून देतो, परत उडायचा नाही.’’ अगदी खरं. परत फ्यूज उडायचा नाही. पुढच्या वेळी गाडीच उडेल.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. झटका बसत नाही, आग लागते. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, वायर लालबुंद होते, आणि ती वायर गालिचाखालून, सीटखालून, मागे मुलं बसतात त्या फोमखालून गेलेली असते. बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज हवा, असं जाणकार सांगतात, ते अ‍ॅम्प्लिफायर वाचावा म्हणून नव्हे. ती वायर, पर्यायाने ती गाडी वाचावी म्हणून. दहा-वीस रुपयांचा तो प्लॅस्टिकचा तुकडा आपण मरतो आणि बाकीच्यांना जगवतो. त्याच्या जागी तार बसवणाऱ्या माणसावर मला विनोद सुचत नाही. एरवी मला कशावरही सुचतो.

या सगळ्यावर दोन आक्षेप येतात. पहिला : ‘‘अनुभवी माणसाला मीटर लागत नाही.’’ आमच्या शाखेत तीस वर्षं नोटा हाताळलेले कॅशिअर होते. बंडल हातात घेताच नोट कमी आहे हे त्यांच्या बोटांना कळायचं. तरीही ते मोजायचे, आणि दोनदा मोजायचे. अनुभवाने संशय कुठे घ्यायचा ते कळतं. निकाल मोजूनच द्यायचा असतो. दुसरा आक्षेप : ‘‘आता दुरुस्त्या होत नसतात, सगळं बदलायचंच असतं.’’ तर मंडळी, गाडीत पहिल्यांदा रेडिओ बसवायला निघालेल्या लोकांचं स्मरण करा. १९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटोरोला नावाचा मोटारीतला रेडिओ आणला. त्या काळी इंजिनातल्या ठिणग्यांची खरखर गाण्यावर मात करी. त्यांनाही ‘इंजिन गेलंय’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्यावेळच्या लोकांनी खरखर कुठून येते ते शोधलं, ठिणग्यांचा बंदोबस्त केला, म्हणून आज तुम्ही-आम्ही घाटात गाणी ऐकतो. त्या ‘फट्ट’चा इतिहास असा नव्वद वर्षांहून जुना आहे. त्याला उत्तरही तेवढंच जुनं आहे : शोधा.

पण फिर्याद एकतर्फी नको. या खटल्यात दुसरा आरोपी आहे तो गिऱ्हाईक, म्हणजे आपला मध्यमवर्ग. नवं खोकं मिळालं की साडेनऊ हजार आपण मोजून देतो. पिशवीत काहीतरी जड येतं ना! पण एखादा प्रामाणिक पोरगा तासभर सीटखाली उलटा पडून सैल बोल्ट शोधून काढतो आणि तीनशे रुपये मागतो, तेव्हा आपला आवाज अ‍ॅम्प्लिफायरशिवाय वाढतो. ‘‘तीनशे? नुसता एक बोल्ट आवळलास की रे!’’ बिलात वस्तू दिसली पाहिजे, डोकं दिसलेलं आपल्याला चालत नाही. मग तो पोरगा शहाणा होतो. पुढच्या गिऱ्हाइकाला तो बोल्ट शोधत बसत नाही. एक शब्द उच्चारतो आणि खोकं विकतो. ‘गेलंय’ हा शब्द त्याला आपणच शिकवलेला आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दुकानाच्या दरपत्रकात पहिली ओळ ‘दोष शोधण्याचे शुल्क’ अशी असावी आणि आपण ती न कुरकुरता भरावी. शुल्क घेतलं की मात्र दोष मोजून दाखवावा. काटा कुठे पडतो ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दिसावं. डॉक्टरला आपण तपासणीचे पैसे देतो, औषध निघालं नाही तरी देतो. यंत्राच्या डॉक्टरला तेवढाच मान दिला, तर तोही नाडी बघायला लागेल. आणि बॅटरीपाशी तारेऐवजी फ्यूज बसेल, हा त्यातला सर्वांत मोठा नफा.

तोवर आपल्या हातात तीन प्रश्न आहेत. कोणी ‘गेलंय’ म्हणालं की शांतपणे विचारावं : कशावरून? कुठे मोजलं? मला मोजून दाखवता का? मी हे प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. परवा घरचा मिक्सर घेऊन एका दुकानात गेलो होतो. मालकांनी मिक्सर हातात घेऊन हलवला, कानाशी नेला आणि म्हणाले, ‘‘मोटर गेलीय.’’ मी तिन्ही प्रश्न विचारले. त्यांनी मिक्सर खाली ठेवला, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘मोजून दाखवलं असतं साहेब. पण आमचा मीटर गेलाय.’’

मी विचारलं, ‘‘कशावरून?’’